पन्नासच्या आसपास

अंबाझरीच्या आमच्या खोलीला खिडकी नाही.
भिंतीवरच्या पडद्यात पिवळी रेघ उतरते
तेवढाच माझा सूर्यास्त.

दुपारी दोनला वीज कोणी घेईना.
कळमन्यात संत्र्याच्या सगळ्या गाड्या एकाच सकाळी लागाव्यात
आणि अडत्यानं मान वर न करता म्हणावं, ठेवा तिकडं,
तशी ती पडून होती,
सगळ्या छपरांची, सगळ्या माळरानांची वीज,
युनिटला पावणेदोन रुपये.
चहापेक्षा स्वस्त, म्हणून नंदेश्वर हसला.

आता सात वाजून गेलेत.
नवतप्याचा चौथा दिवस.
दिवसभर प्यायलेलं ऊन भिंती परत ओकताहेत
आणि शहरातला प्रत्येक कूलर
एकाच वेळी घरघरायला लागलाय.
पिवळी रेघ तळाला गेली.
वाऱ्याची निळी रेघ आहे म्हणायची,
आजारी माणसाच्या श्वासासारखी.
बाजारात युनिट दहा रुपयांना टेकलं.
टेकलं, कारण तिथं वर छत घातलंय,
नाहीतर कुठवर गेलं असतं कोणास ठाऊक.
आणि दहा मोजूनही
मागितलं त्यातलं चतकोर हाती आलं.

माझं लक्ष एकाच आकड्यावर.
पन्नास.
तो तिथं असला की माझं नाव कोणी घेत नाही.
एकोणपन्नास पॉइंट नव्वद.
सत्त्याऐंशी.
नंदेश्वर आता हसत नाही.

बाबा कोराडीला होते, जुन्या संचांवर.
म्हणायचे, रोटरला वजन असतं, पोरी.
कोणी हिसका दिला तरी लगेच अडखळत नाही तो,
तेवढ्या वेळात माणसाला विचार करता येतो.
उन्हाला वजन नाही.
हे मी त्यांना कबूल करत नाही, ते उगाच खूश होतील.
कारण मला आमची वाळवणाची दोरी आठवते.
शाळेचे सदरे पांढरे घातलेले, राखाडी काढलेले,
आणि ते घरात घेण्याआधी झटकणारी आई,
एकेक, दोनदा,
कोणावरही न चिडता.

खापरखेड्याला फोन लावते:
तो बंद ठेवलेला संच किती वेळात येईल?
मॅडम, बॉयलर थंड हाये.
चूल थोडीच हाये फुंकायला. पहाट होईन.
मला पहाट नको होती.
मला चाळीस मिनिटं हवी होती.

पंच्याऐंशी.

उप्पलवाडी. बोरकुटे, पंचवीस मेगावॅट काढा.
तिकडं कागदाची सळसळ.
आज पाळी कोणाची ते तो वाचून दाखवतो,
फीडरची नावं, एक, दोन,
तिसऱ्यावर थांबतो.
काय झालं?
काही नाही मॅडम. त्याच्यावर मायंच घर हाये.
बरं मग?
मग काय.
पोरगी तीन महिन्यांची हाये. काढतो.

ब्रेकरचा आवाज फोनवर येत नाही.
आकडा येतो.
अठ्ठ्याऐंशी. एक्क्याण्णव.
पडद्यावर शहराचा एक तुकडा विझला असेल,
आमच्या नकाशात तो फक्त हिरव्याचा लाल होतो.
पुढची चाळीस मिनिटं मी
तीन महिन्यांच्या बाळाचं वजन किती असतं याचा विचार केला,
पाच किलो? सहा?
मग कोयनेकडून थोडं पाणी सुटलं,
अंगणात खाटा टाकून शहरानंही जरा मागणं सोडलं,
आणि मी म्हटलं, बोरकुटे, घ्या परत.

रात्री त्याचा फोन आला, कामाचा नव्हता.
लाइन आली मॅडम घरी.
बायको विचारून राहिली होती, आपलीच काहून गेली,
त्या समोरच्या गल्लीत तर होती.
तुम्ही काय सांगितलं?
फॉल्ट होता म्हटलं.

मी रजिस्टर ओढलं.
एकोणीस चौदा ते एकोणीस छप्पन्न, पंचवीस मेगावॅट.
कारणाचा रकाना
दीड इंचाचा आहे.