गाळा नंबर एकोणीस

भोसरीत मोटारी भरायचं दुकान माझं.
जळक्या वार्निशचा वास
तिच्या शाळेच्या वह्यांनाही यायचा.
आता गणेशखिंडीत बसून
निळ्या ताऱ्यांचे वारे मोजते शर्वाणी.

ताऱ्याला कसला गं वारा?
उजेडच ढकलतो, अण्णा.
अंगावरचं भिरकावत राहतो तारा,
सेकंदाला दोन हजार किलोमीटर.

मग बाकावरचं आर्मेचर उचललं,
भोवती बोटाने कमानी काढल्या हवेत:
चुंबक असलं की वारा सरळ सुटत नाही.
दोन्ही टोकांकडून वळून येतो,
मध्यावर आपला आपल्यालाच आदळतो,
तापतो.
तारा सावकाश फिरणारा असेल
तर माघारी पडतो त्याच्यावरच.
गरगरणारा असेल तर तिथेच लोंबकळतो,
ना घरचा ना दारचा.

आणि सुटतो तो?

तो लांबपर्यंत रेषा धरून जातो.
तेवढ्या ओढीनेच
तारा मंदावतो. लाखो वर्षं लागतात म्हणा.

गुरुवार होता, लाइट गेलीच.
टेस्टिंगला लावलेली साडेसात एचपी
बराच वेळ फिरत राहिली नुसती.
त्या आवाजातच म्हणाली,
चिलीचं पत्र आलंय. डोंगरावरची दुर्बीण, तीन वर्षं.

चांगलं झालं, म्हटलं.
हात काळे होते, म्हणून
पाठीवर ठेवला नाही.

खिडकीच्या उजेडात कॉइल घेतली.
बेचाळीस, त्रेचाळीस...
वेढे चुकले.
सोडवली तार.
एक.