पलीकडं

हॅलिफॅक्समध्ये एकदा मी फुटपाथच्या कडेला उभी होते,
पिशवीत अंड्यांवर बटाटे ठेवले की काय, आठवत.
रस्ता ओलांडायचा नव्हता.
तरी एक निळी गाडी थांबली. तिच्यामागं दुसरी.
समोरून येणारा बर्फ उपसायचा ट्रकसुद्धा,
घराएवढा.
आतल्या माणसानं स्टेअरिंगवरची दोन बोटं उचलली : जा.
आता नाही कसं म्हणायचं?
गेले.
पलीकडच्या बंद दुकानाच्या काचेत
तीन मिनिटं पुरुषांचे बूट बघत राहिले.
परत येताना पुन्हा तिघं थांबले.
मान खाली घालून आले,
उसनं घेतलेलं न फेडता आल्यासारखी.

अकरा वर्षांत एवढं शिकले,
तिथं नुसतं बघितलं की गाडी थांबते.

गंगावेशीत उलटं.
"गाडीकडं बगू नगंस," आक्काताई आत्या म्हणायची,
एका हातात धारोष्ण दुधाची किटली.
"तू बगितलंस की त्यो म्हणतोय,
हिनं मला बगितलंय, हीच थांबंल.
हात कर आन् चालाय लाग.
मधी थांबायचं न्हाई. पळायचं तर अजिबात न्हाई."
आणि निघायची,
तवा तापलाय का बघतात तसा तळहात धरून.
केएमटीची बस, उसाची जोडट्रॉली, तिघं बसलेली बुलेट
तिच्या हाताला वळसा घालून जायची.
थांबायचं मात्र कुणी नाही.
थांबायचे ते म्हशींसाठी.
कट्ट्यावरनं म्हशी घरी निघाल्या
की अख्खी गंगावेस इंजिनं बंद करून बसायची.
म्हैस कुणाची ते सगळ्यांना ठाऊक असतं.
माणूस कुणाचा, हे कुठं लिहिलेलं असतंय?

आप्पांना दाभोळकर कॉर्नरला उडवलं
तो टेम्पो कोबीचा होता.
चालवणारा नेमगोंडा चौगुले, वय चोवीस.
त्यानंच त्यांना कोबीवर आडवं घातलं,
दोन सिग्नल तोडून सीपीआरला आणलं,
रक्त दिलं, रात्रभर बाकावर बसला.
सकाळी आईसाठी चहा आणला, बशी झाकून.
पुढं कितीतरी महिने
दारात एक गड्डा ठेवून जायचा, बेल न वाजवता.
आई म्हणायची, देवमाणूस आहे गं.
मी फोनवर हो म्हणायचे.
ठेवल्यावर वाटायचं,
चार सेकंद आधी दिली असतीस, बाबा,
तर अख्खी रात्र कशाला द्यायला लागली असती.
आप्पा अजून डावा पाय ओढतात.
कोबी आवडीनं खातात.

यंदा आले तेव्हा भाचीची अ‍ॅक्टिव्हा घेऊन निघाले.
मिरजकर तिकटीला, कडेला एक म्हातारा,
पांढरी टोपी, हातात शिवून आणलेल्या चपलांचा जोड.
पाऊल टाकायचा, मागं घ्यायचा.
मी थांबले.
दोन बोटं उचलली : जा.

मागं हॉर्नचा गोंधळ उठला.
"ओ ताई, झोपलाय काय!"
एक रिक्षा आरसा घासून गेली.
म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं,
मग स्वतःच्या मागं, कुणासाठी थांबली म्हणून.
मागं नुसती भिंत होती आणि क्लासची जाहिरात.
मी पुन्हा बोटं उचलली.
तेव्हा तो उतरला रस्त्यावर,
सरळ माझ्याकडं आला,
गाडीवर वाकून म्हणाला,
"प्याट्रोल संपलं व्हय, बाळ?"

मी नाही म्हणायच्या आत
चपला माझ्या पायाशी ठेवून झाल्या होत्या
आणि तो मागं गेला होता.
"हँडल नीट धर. ए भावा, जरा दम खा की,
बाईमाणसाची गाडी बंद पडलीया!"
रिक्षा थांबली. बुलेट थांबली.
केएमटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून हात काढून
मागच्यांना थोपवलं.

मी हळूच किल्ली फिरवून
इंजिन बंद केलं,
आणि त्यानं ढकलत, धापा टाकत
मला पलीकडं पोचवलं.