अकरावं मिनिट

अकराव्या मिनिटाला पडदा काळा होतो.
पंखे फिरत राहतात,
आणि कानात वातोचा आवाज चालूच:
"बाबा, कुठे गेलास? पुलाशी थांबलोय मी."

तो व्रोत्स्वावला. मी रुस्तावीत, सातव्या मजल्यावर,
जिथली लिफ्ट अजून दहा तेत्रीचं नाणं गिळल्याशिवाय चढत नाही.
दर शनिवारी रात्री आम्ही दोघं
एका खोट्या देशात खरे तास ट्रक हाकतो.
त्याच्यात लाकडं, माझ्यात सिमेंट.
"उतार आहे."
"दिसला."
एवढ्यावर आमचं आठ दिवस भागतं.

कॉम्प्युटर त्याच्या शाळेतल्या वर्षांचा.
ग्राफिक्स कार्ड मात्र मी घेतलं, कास्पीच्या एका माणसाकडून.
त्यानं गाई विकून गोठ्यात चाळीस कार्डं बसवली होती,
दिवसरात्र नाणी खणायला.
"फारसं वापरलेलं नाही," म्हणाला तो, भिंतीकडे बघत.
मी वास घेतला. जळका,
आणि त्याखाली अजून थोडं शेण.
तरी घेतलं.

तेहेतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या मी.
यंत्र खोटं बोलत नाही,
पण विचारल्याशिवाय सांगतही नाही,
आणि एका वेळी एकच विचारायचं.
दोन स्क्रू एकदम फिरवले
की गुण कुणाचा ते कळत नाही.

म्हणून वही केली.
लामाराच्या ब्रशनं धूळ काढली:
बारा मिनिटं. म्हणजे एक मिनिट धुळीचं होतं.
("आता खाचापुरीला अंडं कशानं लावू?")
चिपवरची पेस्ट वाळून चुन्यासारखी झालेली,
ती खरवडली, नवी लावली. तापमान उतरलं,
मिनिटं तेवढीच.
पडद्यावर लिहून आलं, ड्रायव्हर बदला.
लामारा हसता हसता खुर्चीत बसली: "तुलाच म्हणतायत."
सोनेरी दात खोडरबरनं घासले कार्डाचे.
मग टॉर्च लावून बाजूनं पाहिलं, तर ते
स्वतःच्याच वजनानं वाकलेलं.
वातो निघाला त्या रात्रीच्या बाटलीचं बूच
फडताळात होतं, कुणी का ठेवलं माहीत नाही.
ते खाली सारलं. बरोबर बसलं.
दहा मिनिटं.
बूच तसंच राहू दिलं.

शेवटी मीटर लावला.
बारा व्होल्ट हवेत.
पुलावर बर्फ सुरू झालं, झाडं दाटली,
की काटा अकरा पॉइंट दोनवर.
तर कार्ड नव्हे. कार्डाला बिचाऱ्याला
मी तीन आठवडे शिव्या घातल्या.
त्याच्यामागचा पॉवर सप्लाय, तो जुना डबा,
ओझं आलं की खांदा पाडतो.
नव्याला माझं अर्धं पेन्शन.

"पैसे पाठवतो ना, बाबा."
"नको."
"मग शनिवारी?"
बराच वेळ नुसती घरघर, त्याच्या खोलीतली की माझ्या.

ओझं कमी करायचं. लिफ्टला मी हेच सांगायचो,
दोन माणसं उतरा.
सेटिंगमध्ये शोधत गेलो.
पाण्यातली प्रतिबिंबं: बंद.
लांबचं गवत: बंद.
सावल्या. इथे थोडा थांबलो.
बंद.

झाडं आता चिकटवल्यासारखी उभी.
ट्रक बर्फाला टेकतच नाही, बोटभर वर चालतो.
पण अकरा झाली. बारा. वीस.
पूल आला,
पूल मागे गेला,
मीटरवर अकरा पॉइंट सहा,
आणि माझ्या तळहातांना घाम.

"वातो, तुझ्या ट्रकला सावली नाही."
"तुझ्याकडे नसेल.
इथे आहे. लांब पडलीय.
पार तुझ्या टपावर आलीय."

मी आरशात पाहिलं.
पांढरा रस्ता, आणि त्याचे दिवे.

बावन्नाव्या मिनिटाला पडदा गेला.
वहीत लिहिलं: सावल्या बंद, ५२.
हेडफोन काढला नाही.
तो पुढे कुठल्याशा घाटात गिअर बदलत होता,
आणि मला सांगत होता, उतार आहे.