उपटसुंभ

ओरेस्टनं निवृत्तीच्या पैशातून समुद्र घेतला,
चार फूट बाय दोन,
आणि आणून ठेवला आमच्या तळघरात, सास्काटूनला,
जिथून खरा समुद्र गाडीनं दोन दिवस लांब.
मीठ बादलीत ढवळलं त्यानं.
माझ्याच लाकडी डावानं.

मग खडक आले. फिजीहून, विमानानं,
ओल्या वर्तमानपत्रात तान्ह्या बाळासारखे गुंडाळलेले.
"नुसते दगड नाहीत, नेटी, जिवंत आहेत,"
तो म्हणाला.
किती जिवंत, ते आठवड्याभरात कळलं.

एका भोकातून केसाळ गुलाबी दोरा बाहेर आला,
वीतभर, सावकाश.
ओरेस्टनं बोट लावलं.
कुसळं! गव्हाच्या ओंबीसारखी, पण काचेची,
शंभरेक तरी.
मी चिकटपट्टी लावून ओढून काढली, वर व्हिनेगर चोळलं.
तेहतीस वर्षं वॉर्डात काढली आहेत मी,
पुरुष बोट कुठंही घालतात.

मग ती फुलं. दिसायला नाजूक, कोऱ्या चहाच्या रंगाची.
ओरेस्टनं एक चिमट्यानं उपटलं, चुरगळलं,
रविवारी तिथं सात होती.
हात दाखवून अवलक्षण.
"सरक," म्हटलं,
कालवलेला चुना सिरिंजमध्ये भरला
आणि एकेकीच्या तोंडात सोडला, अगदी हळू.
हो, बोलत होते मी त्यांच्याशी.
सवय जात नाही.
थोडंसं टोचेल हं.

टक्.
रात्री दोनला, टीव्ही बंद केल्यावर.
टक्.
काचेवर आतून कुणी टिचकी मारावी तसं.
सकाळी गोगलगायींचे शंख फुटलेले,
अक्रोड फोडावेत इतके नीट.
आयत्या बिळावर नागोबा म्हणतात,
पण या नागोबाकडे हातोडा होता.

बॅटरीला लाल कागद लावून
ओरेस्ट स्टुलावर बसू लागला, मांडीत थर्मास.
इथं सांगायला हवं,
हा माणूस गव्हाचा तपासनीस.
एकतीस वर्षं वॅगनींपुढं चाळणी घेऊन उभा.
एक जिवंत सोंडकिडा दिसला की अख्खी वॅगन बाजूला,
मग शेतकरी शिव्या देवोत की वरून फोन येवोत.
किडा कुणाचा नातेवाईक नसतो, म्हणायचा.

नवव्या रात्री तो बाटलीत अडकला,
कोळंबीच्या तुकड्याच्या लोभानं.
माझ्या करंगळीएवढा, मोरपंखी हिरवा,
देठांवरचे डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरणारे:
एक ओरेस्टकडे,
एक माझ्याकडे.

ओरेस्ट बादली घेऊन मागच्या दारानं बाहेर गेला.
उणे चौतीस.
नुसती उपडी करायची होती.
मी खिडकीतून पाहत होते,
दिव्याखाली त्याची वाफ, बादलीची वाफ.
बराच वेळ दोन्ही वाफा उभ्या होत्या.
मग तो वळला,
बादली कोटाच्या आत धरून, भुवयांवर बर्फ.
"दार लाव ना, पाणी गार होतंय,"
माझ्यावरच खेकसला.

आता तो वॉशिंग मशीनशेजारी राहतो,
स्वतःची टाकी, स्वतःचा हीटर, स्वतःचा दगड.
ओरेस्ट त्याच्यासाठी गोगलगायी विकत आणतो,
त्याच दुकानातून, त्याच भावानं.
नाव ठेवलेलं नाही.
यावर ओरेस्ट ठाम आहे.

केसाळ दोरेही राहिले,
खरकटं खातात म्हणे,
आमच्या जावयापेक्षा बरे.

आणि मी सांगितलंय की फुलं सगळी संपली.

पंपाच्या मागं एक आहे. नखाएवढं.
कपडे ड्रायरमध्ये टाकताना रोज बघते,
सिरिंज एप्रनच्या खिशात असते, भरलेली.
पंपाच्या वाऱ्यावर ते उघडतं, मिटतं,
पुन्हा उघडतं.
आज त्याच्या बुडाशी एक ठिपका दिसला.
ठिपकाच असेल.
चाळिशी वर आहे.
उद्या बघते.