काखेतला रेडिओ

त्या वर्षी तारांतोतल्या पुरुषांचे
डावे हात जरा वाकडेच असायचे.

काताल्दोमामा गाडी लावायचा, किल्ली काढायचा,
मग दोन बोटांनी ती चपटी कडी धरून ओढायचा.
खटकन स्टिरिओ बाहेर,
भट्टीतून पाव काढावा तसा, गरम.
डॅशबोर्डवर उरायचं चौकोनी भोक,
कवळी काढून ठेवलेल्या आजोबांच्या तोंडासारखं.

तीन पगार घातले होते त्यानं त्यात.
पोलाद कारखान्याचे, रात्रपाळी धरून.
मामी म्हणायची, अख्ख्या गाडीला कुणी एवढे देणार नाही.
खरं होतं ते.
जुनी फियाट, मागचं दार दोरीनं बांधलेलं,
पण गाणं लागलं की दोरीसुद्धा तालात थरथरायची.

काचेला आतून पुठ्ठा लावला होता:
रेडिओ नाही.
एका सकाळी बाहेरून धुळीत
कुणीतरी बोटानं लिहून गेलं:
आणि स्पीकर?

रविवारी चर्चच्या बाकांवर
माणसांच्या मध्ये मध्ये रेडिओ बसलेले.
डॉन चिरो वरून ओरडायचे, म्हाताऱ्यांना जागा द्या!
मामा प्रसाद घ्यायला उठायचा, रेडिओसकट,
जीभ पुढे, डोळे मिटलेले, कोपर घट्ट.

नुंझियाच्या लग्नाचा फोटो आहे माझ्याकडे.
अकरा पुरुष, सात रेडिओ.
नवरदेवाचा त्याच्या आईनं धरलाय.

मग आजोबा गेले.
शवपेटीला खांदा द्यायचा म्हणजे दोन्ही हात हवेत.
मामानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं,
शेवटी माझ्या हातात दिला.
खाली ठेवू नकोस. कुठेच.
मी नऊ वर्षांची.
कब्रस्तानापर्यंत छातीशी धरून चालले,
आणि रस्त्यातल्या दोन बायकांनी
मला बघून क्रूस केला.
त्यांना काय वाटलं असेल
हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

गुरुवार होता. मामा आणि मी कालवं घ्यायला बंदरावर गेलो.
परत आलो तर गाडीच्या जागी
तेलाचा डाग, आणि त्यावर एक मांजर.

मामानं आधी काख चाचपली.
होता.
मग बसला शोधायला. तीन गल्ल्या, मासळीबाजार, पूल, परत बाजार.
काखेत कळसा तसाच,
आणि वळसा भलत्याच गोष्टीसाठी.

चौकीतल्या हवालदारानं टाइपरायटर पुढे ओढला.
गाडीत काही मौल्यवान होतं?
मामा म्हणाला, नाही,
ते मी काढून घेतलं होतं.
हवालदार लिहिताना मध्येच थांबला.
त्याच्याही टेबलाखाली, पायांपाशी,
एक कडीवाला पडला होता.

घर सात किलोमीटर.
डाव्या काखेत तीन पगार, उजव्या हातात कालवं, ठिबकत.
मी विचारलं, चोराला आता गाणी ऐकू येणार नाहीत ना?
मामा बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, दोरीनं तरी तोंड बंद ठेवावं त्याच्यापुढे.

गाडी सापडली नाही.
गॅलरीत एक जुनी बॅटरी आणून ठेवली,
तारा खिडकीतून आत घेतल्या,
स्टिरिओ स्वयंपाकघरातल्या कपाटात बसवला, करवतीनं भोक पाडून.
मामी दोन दिवस बोलली नाही. चांगलं कपाट होतं.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर
त्यानं दोन खुर्च्या खिडकीकडे तोंड करून मांडल्या.
तो डावीकडे बसला.
मामीनं हात पुसले, उजवीकडे बसली.
मी मागे, स्टुलावर.
समोर कारखान्याची धुरांडी, लाल, जागची हलत नव्हती.
एक पूर्ण कॅसेट, दोन्ही बाजू.

मग मामा उठला,
दोन बोटांनी कडी ओढली,
खटकन,
आणि काखेत घेऊन झोपायला गेला.