बारा फुल्या

पुडीतले दाणे संपले
तेव्हा कागदावर माझं नाव दिसलं.
पद्मावती गाजूल. खाली सोळा आकडे,
चारचारच्या रांगेत, शाळेतल्या पोरींसारखे,
मग कार्डाची मुदत,
आणि इरकल, पोपटी काठ, एक नग.
अशोक चौकातल्या गाड्यावर
माझ्या खात्याच्या किल्लीत
कुणीतरी खारे शेंगदाणे बांधले होते.

मी विडीवाली. मोजण्यात चुकत नाही.
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार,
त्यातून कारखान्यात छाट निघते,
छाटीला पैसे नाहीत.
आकडे दिसले की बोट आपोआप चालतं.
सोळा. एकही छाट नाही.

पूर्वी मजुरी हातात यायची,
तंबाखूच्या वासाची.
मग म्हणाले, खातं काढा, कार्ड घ्या,
कुणाला दाखवू नका, सख्ख्या लेकालाही नाही.
मी ते तांदळाच्या डब्यात पुरलं.
लेक विचारून विचारून थकला.
आणि नव्या पेठेतल्या त्या चार मजली,
गार हवेच्या दुकानाने
गोणी भरभरून रद्दीत घातलं.

विडी घरकुलात शोधायला लागलो
तर घराघरांतून पावत्या निघाल्या,
देवाच्या फोटोमागून, पिठाच्या डब्याखालून.
श्रीदेवी बुरा, मल्लम्मा, शहनाज बागवान,
करता करता दोनशे सतरा.
नदाफ वकील म्हणाले,
एकटी गेलीस तर दुकान ओळख दाखवणार नाही,
सगळ्या गेलात तर पाणी विचारेल.

तोवर मे लागला. पत्र्याखाली चव्वेचाळीस.
तो कागद उन्हाने काळा पडतो
हे आम्हाला कुठे ठाऊक.
मल्लम्माने सुरकुत्या घालवायला इस्त्री फिरवली,
तिच्या पावतीची तर अमावास्याच झाली.

म्हणून झेरॉक्स. सहा सहा प्रती.
झेरॉक्सवाल्याने पाहिलं,
आयोगाच्या शिपायाने पाहिलं,
दुकानाच्या वकिलाने चष्मा पुसून पाहिलं,
आणि कारकुनाने साहेबांपुढे मोठ्यांदा वाचलं,
चार, पाच, शून्य, आठ...
कुणी पाहू नये एवढ्यासाठी
किती जणांना दाखवलं मी.

वकिलाने विचारलं, बाई, पैसे गेले का?
नाही.
मग तुमचं नुकसान काय?
मला बोलता आलं नाही.
न्हाणीचं दार कुणीतरी उघडं ठेवलं,
रस्त्यावरून कुणी डोकावलं नसेलही,
म्हणून काय झालंच नाही का?
हे घरी आल्यावर सुचलं, चटणी कुटताना.

तीन वर्षं, चौदा तारखा, मग तडजोड.
चूक मान्य नाही, पण मशीन बदललं.
आता बारा फुल्या आणि शेवटचे चार आकडे.
आणि प्रत्येकीला कूपन,
पन्नास रुपये,
पाचशेच्या खरेदीवर,
दिवाळीपर्यंत,
त्याच दुकानात.
शहनाज जी हसायला लागली
ती सात रस्ता येईपर्यंत हसत होती.

फुल्या म्हणजे शाळेत चुकलेलं गणित.
इथे बरोबर आलेल्या गणितावर बारा.

काल गेले. तीन टॉवेल, एक चादर.
काउंटरवरच्या पोरीने मान खाली ठेवूनच विचारलं,
काकू, मोबाईल नंबर?
कशाला?
त्याशिवाय कूपन लागत नाही. सगळेच देतात.
मागे रांग. कुणाच्या तरी पिशवीची चुळबुळ.
पन्नास रुपये, म्हणजे दहा कट्टे,
म्हणजे एक अख्खी दुपार पायांना मुंग्या.
मी म्हटलं, राहू दे मग ते कूपन.

पोरीने तेव्हा वर पाहिलं.
काही बोलली नाही.
पावती फाडली,
घडी घातली,
आकडे आतल्या बाजूला,
आणि माझ्या हातात दिली.