फावडी

इतवारीहून गाडी सुटली तेव्हा
दामाजी नन्नावरे खिडकीत बसले होते,
आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून.

पोट्टे ओरडले, धूर! धूर!
कुणाच्या डोळ्यात कण गेला,
कुणाच्या नव्या सदऱ्यावर काजळी.

"दिघोरी म्हणजे बावीस फावडी," ते म्हणाले,
"कुहीपर्यंत आणखी चाळीस.
कोळसा ओला असला तर पन्नास बी, जी."

मग बराच वेळ काहीच नाही.
डब्यात संत्र्याची सालं,
कुणाच्या तरी डब्यातल्या तर्रीचा वास.

उमरेडच्या अलीकडे
रुळाला अगदी लागून एक पळस,
पानं नाहीत, नुसता लाल.
मान वळवून ते पाहत राहिले
पार दिसेनासा होईस्तोवर.

"हे झाड होतं काय इथं, तवा?"

कोण सांगणार.
एकतीस वर्षं त्यांचं तोंड
भट्टीकडे होतं.